सतरा नंबरची वैजयंता

"पेन खाली ठेवा आधी!" मी दारातूनच ओरडले.

वैजयंताची आई, तानूबाई, एवढी दचकली की पेन तिच्या हातातून सुटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. बाबर सर, आमचे हेडमास्तर, खुर्चीत थोडे मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू होतं. पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे लोक हसतात ना, तसलं. त्या हसण्याचा मला अगदी वीट आला होता.

"या, फडतरे बाई, बसा. तुमच्याच वर्गाचं काम चाललंय."

"माझ्या वर्गाचं काम, आणि माझ्या पाठीमागं?"

"पाठीमागं कशाला? पालकांना बोलावलंय, सगळं समजावून सांगितलंय, त्यांना पटलंय. काय हो, पटलं ना तुम्हाला?"

तानूबाईनं मान हलवली. बाई वीटभट्टीवरून उठून तशीच आली होती. पावसाळ्याआधी कच्चा माल झाकायची घाई असते, त्यातून वेळ काढलेला. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. सरांच्या खोलीतल्या सतरंजीला पाय लागू नये म्हणून ती कडेच्या फरशीवर अंग चोरून उभी होती. तिला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला तरी कुठं सुचलं? मी भांडायला आले होते.

दाराबाहेर व्हरांड्यात वैजयंता उभी होती. वेणीची रिबीन दातात धरून आत बघत होती.

टेबलावरचा कागद कसला आहे ते मला लांबूनच कळलं. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून अर्ज. त्याच्याखाली दुसरा कागद होता, तो म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांची लग्नं झाली, जे कामाला लागले, त्यांना शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून हा फॉर्म असतो. सोय चांगली आहे. पण आमच्या बाबर सरांनी त्या चांगल्या सोयीचं मागचं दार केलं होतं. नववीतून दहावीत आलेली कच्ची मुलं हेरायची, त्यांच्या आईबापांना बोलवायचं, गोड बोलून दाखला हातात द्यायचा आणि सतरा नंबर भरायला लावायचा. मूल बाहेरून बसलं की ते आमच्या शाळेचं राहत नाही. नापास झालं तरी आमच्या निकालाला डाग नाही. शाळेच्या फाटकावर एवढी मोठी पाटी होती, 'सलग शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. दर जूनमध्ये पाटी नव्यानं रंगवायची आणि दर जूनमध्ये दोन-चार पोरं फाटकाबाहेर काढायची. ही ती उज्ज्वल परंपरा!

"या पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं?" मी म्हटलं.

"बाई, भाषा जरा..."

"माझी भाषा सोडा. मराठी मी शिकवते. तिनं काय केलंय ते सांगा."

"गणितात ती पास होणार नाही. मी स्वतः शिकवतो, मला माहीत आहे. नववीला वर ढकललीय. पुढच्या वर्षी शाळेचा रौप्यमहोत्सव आहे, पालकमंत्री येणार आहेत. एका मुलीपायी पाटी खाली उतरवू?"

"तुमच्या विषयात नापास होते, माझ्या विषयात नाही! मराठीत ती काठावर का होईना, निघते. इतिहासात निघते. मग बाहेर कुणी जायला पाहिजे? तिनं का गणिताच्या मास्तरांनी?"

बाबर सरांचं हसू एकदाचं मावळलं. तोपर्यंत आवाज ऐकून शिक्षक-खोलीतले तिघे-चौघे दारात जमले होते. मला बघणारे असले की जास्त चेव येतो, हा माझा स्वभावच आहे.

"ठीक आहे," सर म्हणाले. "तुम्ही जबाबदारी घेता? सगळ्यांसमोर बोला."

"घेते."

"आणि ती नापास झाली तर?"

"तर दहावीचा वर्ग मी सोडते. पाचवीला शिकवीन रिटायर होईपर्यंत. आणि ती पास झाली, तर तुम्ही हा सतरा नंबरचा धंदा बंद करायचा. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले. मी टेबलावरचा अर्ज उचलला, टराटरा फाडला आणि तुकडे त्यांच्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकले. बाहेर येताना व्हरांड्यात वैजयंताच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हटलं, "जा वर्गात. कोण तुला काढतं तेच बघते."

ती वर्गात गेली. मला तो दिवस फार आवडला होता. घरी जाऊन मी तीनदा सांगितला.

आता वैजयंताविषयी सांगते, आणि खरं तेच सांगते. गोष्टींमध्ये अशी ढ मुलगी असली की तिचा आवाज तरी गोड असतो, नाहीतर ती चित्रं सुंदर काढते, नाहीतर शेवटी पळण्याच्या शर्यतीत पहिली येते. वैजूकडे यातलं काही नव्हतं. अक्षर बरं, उंची बेताची, बोलणं कमी. प्रश्न विचारला की खाली बघायची आणि उत्तर आलं नाही की खालीच बघत राहायची. एकच होतं, ती रोज यायची. आमच्या शाळेत निम्मी मुलं बाजाराच्या दिवशी गायब असत. ही कधीच नाही.

आणि मी तिला गणित शिकवायचं ठरवलं होतं! मॅट्रिकला मी स्वतः गणितात कशी सुटले ते माझं मला माहीत. आमच्या ह्यांनी तर कपाळावर हात मारला.

"अगं, तुला तरी कुठं येतंय गणित?"

"शिकीन."

"आणि मग तिला शिकवशील?"

"त्या बाबरच्या नाकावर टिच्चून शिकवीन!"

शाळा सुटली की वैजू माझ्याबरोबर घरी यायची. मी चहा टाकायचे, ती ओट्याशेजारी पाटावर वही घेऊन बसायची. आदल्या रात्री मी उदाहरणं घोकून ठेवलेली असत आणि दुसऱ्या दिवशी तिला ती सांगत असे. कधीकधी आम्ही दोघी एकाच ठिकाणी अडकायचो. मग माझी चिडचिड व्हायची. माझी चिडचिड म्हणजे साधी नसते. शेजारच्या घरातला रेडिओ बंद व्हायचा.

"वजा गुणिले वजा काय होतं?"

"अधिक."

"मग इथं वजा का लिहिलंस? डोकं आहे का खोकं? त्या बाबरला हेच पाहिजे आहे! हे बघून तो हसेल, हसेल आणि म्हणेल, बघा, मी सांगितलं नव्हतं?"

वैजू वजाचं अधिक करायची. एखादं उदाहरण तिला एकटीला सुटलं की मी टाळी वाजवायचे. "शाब्बास! आता येऊ दे म्हणावं बाबरला!" तीही थोडं हसायची. ती हसते आहे, म्हणजे खूश आहे, असं मी धरून चालले होते.

शाळेतही ही पैज सगळ्यांना माहीत झाली होती. गणिताच्या तासाला बाबर सर फळ्याकडे जाताना म्हणायचे, "हं, फडतरे बाईंचा उमेदवार, उभे राहा." वर्ग फिदीफिदी हसायचा. मला हे कळलं की मी मधल्या सुट्टीत सरांना गाठून चार शब्द सुनवायचे. इतर शिक्षक मला जाता-येता विचारत, "काय बाई, जिंकणार का?" मी म्हणायचे, "जिंकणार म्हणजे जिंकणार!" शिपाईसुद्धा विचारायचा. वैजूला मात्र कुणी काही विचारत नसे. शर्यतीत बैलाला कोण विचारतो?

सहामाहीला ती गणितात पुन्हा नापास झाली. आधीपेक्षा थोडे जास्त मार्क होते, पण नापासच. पेपर देताना सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई पाचवीची पुस्तकं आणून ठेवायला लागल्या का?" त्या संध्याकाळी मी तिच्यावर अशी काही खेकसले, की ह्यांनी मध्ये पडून मला स्वयंपाकघराबाहेर नेलं.

"माझं नाक कापायचं ठरवलंयस का तू?" मी बाहेरून ओरडत होते. "सबंध शाळेसमोर?"

आत ती खोडरबरानं काहीतरी खोडत होती. तेवढा आवाज मला येत होता. दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर शाळा भरली. मी हजेरी घेत होते. "कुंभार वैजयंता," म्हटलं आणि कुणी हजर म्हटलं नाही. पुन्हा म्हटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, वैजूनं दाखला काढला. सुट्टी लागली ना, त्याच दिवशी."

"काय?"

"सतरा नंबर भरलाय तिनं."

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी खडू टाकला, वर्ग तसाच सोडला आणि हेडमास्तरांच्या खोलीत घुसले. आत बँकेचे कुणी साहेब बसले होते. मला त्याचं काही नव्हतं.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "शब्द दिला होता तुम्ही. सगळ्यांसमोर! सुट्टीच्या दिवशी, मी घरी गेल्यावर, चोरासारखा दाखला देता?"

साहेब उठून बाहेर गेले. बाबर सर मात्र उठले नाहीत. पहिल्यांदाच ते माझ्याकडे हसल्याशिवाय बघत होते.

"बाई, मी कुणाला बोलावलं नाही. मायलेकी आपण होऊन आल्या. मुलगी म्हणाली, दाखला द्या, मी बाहेरून बसणार आहे."

"खोटं."

"मी विचारलं, फडतरे बाईंना सांगितलंस का? म्हणाली, नाही, सांगायचं नाही. मी सही केली. मी का करणार नाही? माझ्या तर पथ्यावरच पडलं." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आपली पैज रद्द समजू. तुमचा दहावीचा वर्ग तुमच्याकडंच राहील."

मला त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. मोठेपणा दाखवतात मला! दार आपटून मी निघाले. अर्जावर सह्या घेणं, गोड बोलणं, धमकावणं, यातलं त्यांनी काहीतरी केलंच असणार याबद्दल मला रतीभर शंका नव्हती. पोरीच्या तोंडून ते वदवून घ्यायचं आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, असं ठरवून मी भर उन्हात भट्टीवर गेले.

गावाबाहेर ओढ्याच्या काठाला कुंभारांची भट्टी होती. हंगाम नुकताच सुरू झालेला. तानूबाई चिखलाचा गोळा साच्यात दाबून विटा पाडत होती आणि वैजू आदल्या दिवशीच्या विटा उलट्या करून उन्हाला लावत होती. परकर खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीचे. मला बघून ती उभी राहिली. पळाली नाही, एवढं खरं.

"कुणी भरायला लावला फॉर्म?" मी लांबूनच विचारलं. "बाबरनं काय सांगितलं तुला? घाबरू नकोस. खरं बोल."

"कुणी न्हाई. माझा मी भरला."

"तुला काय कळतंय त्यातलं? अगं, हाकलून दिल्यासारखं आहे ते! त्यासाठी मी जूनपासून..."

"बाई, पाणी घ्या," तानूबाई मध्येच म्हणाली आणि हात धुऊन तांब्या घेऊन आली. मला तिथं बसायला तिनं पोतं अंथरलं. मी बसले नाही.

"तुम्ही तरी आई म्हणून काही बोलायचं होतंत," मी तिच्यावर घसरले. "मी तुमच्या पोरीसाठी हेडमास्तरांशी वैर घेतलं आणि तुम्ही गुपचूप सही करून मोकळ्या!"

"सही करायला तर मी जूनमधीच आले हुते," तानूबाई शांतपणे म्हणाली. "तुमी पेन खाली ठेवा म्हणलासा. सर म्हणले सही करा, मी करत हुते. तुमी म्हणलासा करू नका, मी थांबले. माझ्या पोरीचं काय करायचं ते तुमा दोघांतच ठरलं. मला कुणी इचारलं न्हाई, आन् तिला तर न्हाईच न्हाई. ती तितंच हुती की भाईर उभी."

मी वैजूकडे वळले. "मग काय, तुला जायचं होतं शाळेतून? सांग ना!"

"न्हवतं जायचं."

"मग?"

तिनं हातातली वीट खाली ठेवली. नीट, रांगेत ठेवली. वर्गात खाली बघणारी ही मुलगी इथं माझ्याकडे बघत होती.

"बाई, तुमच्या घरी मी बसायची ना, तवा तुमी माझ्याशी कमी आन् बाबर सरांशी जास्त बोलायचा. ते तितं नसायचे, तरीबी."

"काय बोलतेस तू?"

"गणित चुकलं की म्हणायचा, बाबर हसंल. सुटलं की म्हणायचा, आता येऊ दे बाबरला. मला वाटायचं, आज न्हाई तर उद्या म्हणतील, वैजे, तुला आलं. एकदाबी न्हाई म्हणला."

"म्हणजे मी उगाच भांडले का तुझ्यासाठी?"

"'अ' तुकडीतला शिवा गेला, हमीदा गेली, जूनमधी त्याच दिवशी, त्याच फॉर्मवर. त्यांच्यासाठी कुठं भांडलासा?"

"ती माझ्या वर्गात नव्हती!" माझ्या तोंडून निघून गेलं. खरंच होतं ते. मी त्या दोघांची नावंही विसरले होते.

"तेच की," वैजू म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. एवढासा, पण होता, आणि तो मी आजवर कधी ऐकला नव्हता. "पेपर हातात आला की मला पैलं काय दिसायचं ठावं हाय? सरांचं तोंड दिसायचं, मग तुमचं. तुमी पाचवीच्या वर्गात खडू घिऊन उभ्या. मग हात कापायचा. येत असलेलं बी यायचं न्हाई. आता मी कुणाच्याच निकालात न्हाई. शाळेच्या न्हाई, तुमच्या न्हाई. नापास झाले तर माझी मी नापास. पास झाले तरी माझीच मी."

मला उत्तर सुचलं नाही की मी जास्त मोठ्यानं बोलते.

"कृतघ्न आहेस!" मी ओरडले. "मरमर मरून शिकवलं तुला. रात्री जागून उदाहरणं सोडवली, मला येत नसताना! आणि वर तोंड करून हे ऐकवतेस? बस इथं चिखल तुडवत! पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!"

भट्टीवरची दुसरी माणसं हातातली कामं थांबवून बघायला लागली. तानूबाईनं तांब्या उचलला आणि पाणी एका कच्च्या विटेवर सांडू नये म्हणून बाजूला नेऊन ओतलं. वैजूनं वाकून पुढची वीट उलटी केली.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, अगदी तावातावानं. वाटलं, हे म्हणतील, काय पोरगी तरी! हे वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न करताच म्हणाले, "बोलली ते खोटं नाही." त्या आठवड्यात मी ह्यांच्याशीही बोलले नाही.

माझा राग गेला नाही. रागाचं काय आहे, तो जाऊन दुसरीकडे बसतो. आधी तो वैजूवर होता. मग तानूबाईवर, मग पुन्हा बाबर सरांवर. सर चूकच होते. पोरांना फाटकाबाहेर काढून पाटी रंगवणारा माणूस चूकच. आजही समोर आले तर मी तेच भांडण पुन्हा करीन, आणि जास्त चांगलं करीन. पण रोज संध्याकाळी चहा टाकताना तो रिकामा पाट दिसायचा, आणि मनात सरांशी भांडता भांडता माझ्या लक्षात यायचं, की अरे, आता तर इथं पोरगीही नाही, आणि मी बोलतेच आहे. म्हणजे हे बोलणं कुणाशी चाललं होतं इतके दिवस? तिथं येऊन माझा राग अडायचा. पुढं जायला त्याला एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसावर रागवायची मला सवय नव्हती.

मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला मला पर्यवेक्षणाची ऑर्डर आली. शेजारच्या गावातलं केंद्र. आमच्या शाळेची मुलं तिथं नसतात, म्हणून तर आम्हाला तिथं पाठवतात. गणिताच्या मास्तरांना गणिताच्या दिवशी ठेवत नाहीत. मी मराठीची, म्हणून बीजगणिताच्या पेपरला नेमकी माझी पाळी आली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी वर्गात शिरले. खिडकीकडच्या रांगेत बाहेरून बसणारे होते. एक मिशीवाला कंडक्टर, दोन लग्न झालेल्या मुली, त्यातली एक पोटुशी. आणि त्यांच्या मागं वैजयंता कुंभार.

तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. पर्यवेक्षकानं परीक्षार्थीशी बोलायचं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मला असा नियम लागू झाला होता.

उत्तरपत्रिका वाटल्या, घंटा झाली, प्रश्नपत्रिका दिल्या. मग प्रत्येकाचं हॉल तिकीट बघून उत्तरपत्रिकेवर सही करत मी फिरले. तिच्याजवळ आले तेव्हा बघितलं, हात कापतोय का? मला माझीच भीती वाटली. माझ्यामुळं कापायला लागला तर? मला बघून तिला पुन्हा ते पाचवीच्या वर्गातलं तोंड दिसलं तर? हॉल तिकिटावर शाळेच्या नावाच्या जागी खासगी परीक्षार्थी असं लिहिलेलं होतं. मी सही केली आणि पटकन पुढं झाले. मग सबंध वेळ मी वर्गाच्या पार मागं जाऊन उभी राहिले, तिला दिसणार नाही अशा कोपऱ्यात. टाचा दुखायला लागल्या तरी पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले नाही.

मागून मला तिची पाठ आणि वेणी दिसत होती. ती लिहीत होती. थांबत होती, पेन तोंडात धरत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. बरोबर लिहीत होती का चूक, देव जाणे. मला तिथून काय दिसणार? आणि दिसून तरी काय कळणार? गणित मला अजूनही येत नाही. कंडक्टर मध्येच पेपर देऊन निघून गेला. पोटुशी मुलगी पाणी मागून प्याली. वैजूनं मान वर केली नाही.

माझ्या घरी, पाटावर बसून, ती कधी उत्तरपत्रिकेची निम्मी पानंसुद्धा भरू शकली नव्हती. सरावाचा पेपर दिला की दोन पानांनंतर कोरं. त्यावर तर मी आकाशपाताळ एक करायचे.

शेवटची घंटा व्हायला थोडा वेळ होता. तिनं हात वर केला. मागं वळून बघितलं, मला शोधलं, आणि दुसऱ्या कुठल्याही पर्यवेक्षकाला सांगावं तसं सांगितलं.

"बाई, पुरवणी."

माझ्याकडे पुरवण्यांचा गठ्ठा होता. एक काढताना माझ्या हातातून चार खाली पडल्या. मी वाकून गोळा केल्या. पुरवणीवर पर्यवेक्षकाची सही लागते. मी तिच्या बाकापाशी उभी राहून सही केली. हात कापत होता, तो माझा.

तिनं पुरवणी घेतली, वर आसनक्रमांक घातला आणि लिहायला लागली. मी कोपऱ्यात परत गेले. घंटा झाल्यावर तिनं पुरवणी दोऱ्यानं बांधली, पेपर माझ्या हातात दिला आणि बाहेर गेली. व्हरांड्यात तानूबाई डबा घेऊन बसली होती. दोघी चालत फाटकाकडे गेल्या. मी मागून हाक मारली नाही. माझ्या हातात पंचवीस जणांचे पेपर होते, ते मोजून द्यायचे होते. आणि हाक मारून मी काय म्हणणार होते, तेच ठरत नव्हतं. मग ठरलं, तोवर त्या वळणावर दिसेनाशा झाल्या होत्या. "वैजे, तुला आलं," एवढंच मी त्या रिकाम्या व्हरांड्यात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. शिपाई बघायला लागला.

त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. पाटी रंगवली, पालकमंत्री आले, बाबर सरांना शाल मिळाली. दुसऱ्या जूनमध्ये सरांनी पुन्हा चार पालकांना बोलावलं. मी पुन्हा दारातून आत घुसले. पण या वेळी आधी व्हरांड्यात थांबले आणि तिथं उभ्या असलेल्या चौघांना विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?" तिघांनी शाळा म्हटलं, एकानं बाहेरून बसतो म्हटलं. मग आत जाऊन भांडले. कडाक्याचं भांडले. त्या तिघांना आत ठेवल्याशिवाय मी खोलीतून हलले नाही.

आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. नव्या शिक्षकांच्या शिबिरात कधी बोलायला बोलावतात, तेव्हा ही हकीकत सांगते. सांगून झाली की कुणीतरी हमखास हात वर करतं आणि विचारतं, "मग बाई, ती पास झाली का?"

तेव्हा माझं डोकं असं फिरतं म्हणून सांगू! एवढा वेळ मी काय सांगत होते? कान कुठं ठेवले होते यांनी? पास झाली का, म्हणे! झाली काय आणि न झाली काय, ते मला ठाऊक आहे. निकालाच्या दिवशीच कळलं होतं. पण तो निकाल माझा नाही, म्हणून मी तो सांगत नाही. ओढ्याकाठची भट्टी आता तीच चालवते. ज्याला एवढं जाणून घ्यायचं असेल त्यानं तिथं जावं, पोत्यावर बसावं आणि वैजयंता कुंभारला विचारावं. तिला वाटलं तर ती सांगेल.